खोक्यावरचं वाक्य

कुसगाव, लोणावळा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सत्यम,

अक्षर ओळखलंस ना? चौथीत याच अक्षरातला 'पुन्हा लिही' हा शेरा सगळ्या वर्गात तू सर्वांत जास्त वेळा मिळवला होतास. भाज्याच्या शाळेतल्या इंदिराबाई अजून आहेत, गुडघे सोडून बाकी धडधाकट आहेत, आणि त्यांचा तुला आशीर्वाद आहे.

तुझा गुजरातेतल्या सानंदचा पत्ता धोंडाबाईंकडून घेतला. देत नव्हत्या. "त्यानं फकस्त कागदं धाडायला दिलाय, बाई. कुनाला देऊ नगं म्हनलाय," असं म्हणत कॅलेंडरच्या मागे लिहिलेल्या पत्त्यावर त्यांनी तळहात ठेवला. मी म्हटलं, "अहो, मी 'कुणी' आहे का?" तेव्हा हात बाजूला झाला. स्वतःच्या मुलाचा पत्ता आईला असा झाकून धरावा लागतोय.

फोन करता आला असता. तू महिन्यातून एकदा शेजारच्या लीलाबाईंच्या फोनवर आईशी बोलतोस, हे मला ठाऊक आहे. 'आबांना देते' म्हटलं की तुझ्याकडची रेंज जाते, हेही ठाऊक आहे. पण मला जे लिहायचंय ते फोनवर जमणार नाही. फोन कट करायला क्षण पुरतो, पत्र निदान फाडावं तरी लागतं. 'कट' हा शब्द मी मुद्दाम वापरला असं समजू नकोस. लिहिला गेला. खोडत नाही, कारण खाडाखोड केलेलं पत्र पाठवायची मला सवय नाही.

तुझ्या आबांचं खुब्याचं हाड जुळलं. जुलैत ते खाचरात पडले त्याला आता चार महिने होतील. वॉकर घेऊन ओटीपर्यंत येतात आणि तिथून शेताकडे बघत बसतात. राहिलेली लावणी लीलाबाईंच्या माणसांनी उरकली होती, आता भात झोडून घरात आलंय. तुझं नाव निघालं की आबा वॉकरच्या रबरी टोपणांकडे बघायला लागतात. गाव मात्र गप्प बसत नाही. 'बापानं हाक मारली आन् पोरानं कापली' हे भाज्यात आता येताजाता ऐकू येतं. तू बदली मागून गुजरात गाठलंस ते यापायीच, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही.

दोष द्यायचाच तर त्या फोनच्या कंपनीला दे. म्हाताऱ्यांसाठी फोन काढला, पाठीवर लाल बटण दिलं, दाबलं की भोंगा वाजतो आणि मुलाला फोन जातो, इथवर ठीक. पण ते बटण एवढं मोठं आणि एवढं हलकं करायचं, की माणूस लावणीला वाकला तरी दाबलं जावं? गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायची अक्कल नाही या लोकांना. मी त्यांना चांगलं खरमरीत पत्र लिहिणार आहे.

थोडा दोष माझ्याकडेही येतो. तो पुढे केव्हातरी सांगेन. आधी तू घरी ये.

तुझ्या बाई


कुसगाव
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. सत्यम,

तुझं उत्तर मिळालं. वहीचं अख्खं पान आणि त्यावर दोन ओळी: "बाई, बटण हाच त्यांचा मुलगा आहे, खोक्यावर छापलंय. आता त्यालाच सांभाळू दे." शुद्धलेखनाची एकही चूक नाही. चूक असती तर बरं झालं असतं, मला ओरडायला काहीतरी मिळालं असतं.

मागच्या पत्रात मी कंपनीवर तोंडसुख घेतलं, ते मला पंधरा दिवस खुपतंय. 'गिऱ्हाइकाला विचारत नाहीत' असं मी लिहिलं, ते खोटं आहे. कंपनीनं विचारलं होतं. विचारायला मलाच नेमलं होतं.

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. माझ्या बहिणीचा श्रीयश त्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात आहे. तो चाळीस फॉर्म घेऊन आला. त्यावर एकच मोठा प्रश्न होता: 'या फोनमध्ये आम्ही काय सुधारावं असं तुम्हाला वाटतं?' म्हणाला, "मावशी, भाज्यात तुझ्या शब्दाला मान आहे. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आण." त्यांच्याच शब्दांत, हे तो दोनदा म्हणाला.

त्या कंपनीचा जुना फोन ज्यांच्याकडे होता अशी नऊ घरं मी केली. लीलाबाई म्हणाल्या, "फोनातली बाई लय भरभर बोलती, तिला जरा दम खायला सांगा." हौशीराम म्हणाले, "आकडे पार पुसून गेल्यात. परवा जावयाला लावला तर दवाखान्यात लागला." मुक्ताबाईंची तक्रार अशी की बॅटरी संपताना फोन ओरडतो, पण तेव्हा नेमक्या त्या गोठ्यात असतात. मजा येत होती, खोटं कशाला सांगू? मग शनिवार आला. पाऊस, लोहगडला निघालेल्या गाड्यांची रांग, रिक्षा मिळेना, आणि माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. उरलेले एकतीस फॉर्म मी घरी बसून भरले. तीन वेगवेगळी पेनं घेतली, कुठे अक्षर डावीकडे झुकवलं, कुठे मुद्दाम गचाळ काढलं.

तेव्हा मला लाजही वाटली नाही, हे लिहायलाच हवं. शाळेत आम्ही जन्मभर केलं काय? वरून तक्ता यायचा, 'घरोघरची माहिती उद्यापर्यंत पाठवा', आणि आम्ही मधल्या सुट्टीत चहा पिता पिता तो भरून टाकायचो. कुणाकडे किती कोंबड्या आहेत ते आम्हाला न विचारताच ठाऊक असायचं. तसंच मला वाटलं, म्हाताऱ्यांना काय हवंय ते मला ठाऊक आहे. मी एकटी राहते. बाथरूममध्ये पाय घसरला तर कोण येईल, ही माझी रोजची भीती. ती मी एकतीस लोकांच्या नावावर लिहून टाकली: लाल बटण मोठं करा, बोट लागताच चालेल इतकं हलकं करा.

त्यांनी केलं. मोठं केलं आणि हलकंही केलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू आबांना घेतलास तो नवा फोन तोच.

या जुलैत, लावणीच्या पंधरा दिवसांत तो सात वेळा वाजला. सातही वेळा तू तळेगावची शिफ्ट टाकून भर पावसात मोटरसायकलनं भाज्याला आलास, आणि सातही वेळा आबा खाचरात वाकून भाताचं आवण लावत होते, फोन कमरेला खोचलेला. सुपरवायझरनं तुला लेखी ताकीद दिली. आठव्यांदा भोंग्यामागे तोच पावसाचा आवाज ऐकून तू फोन कापलास. मी असते तर चौथ्यांदाच कापला असता. त्या दिवशी मात्र ते बांधावरून घसरले होते. धोंडाबाई तिकोणा पेठेला भावाकडे गेलेल्या. भोंगा अर्ध्या मिनिटात चिखलात गप्प झाला आणि पावसात त्यांची हाक कुणाला ऐकू गेली नाही. पाच तास ते तिथे पडून होते.

ते ओझं तू एकट्यानं उचललंस. त्यातलं बरंचसं माझं आहे.

खोक्यावरच्या वाक्याबद्दल आज लिहीत नाही.

इंदिराबाई


कुसगाव
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

सत्यम,

आज लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

ते वाक्य आबांचं नाही. माझं आहे.

'हे लाल बटण म्हणजे हाकेसरशी धावून येणारा माझा मुलगा. रखमाजी, शेतकरी, मावळ.' तुमचं घर त्या नऊ घरांतलं एक होतं. आबांच्या शेजारी ओटीवर बसून, ते बोलले ते मी वहीत उतरवून घेतलं होतं. घरी येऊन फॉर्मवर सुवाच्य लिहायला घेतलं तर ते मला पसंत पडेना. ओबडधोबड वाटलं. कंपनीच्या लोकांना ते उलट बोलल्यासारखं वाटेल, असंही मनात आलं. निबंधाच्या शेवटी सुविचार हवा, तसं मला काहीतरी छान हवं होतं. म्हणून त्यांचं बाजूला ठेवलं आणि माझं घातलं. श्रीयश खूश झाला. कंपनीनं पुण्यात कार्यक्रम केला, मला शाल आणि नारळ दिला, आणि नव्या फोनच्या खोक्यावर ते वाक्य छापलं. नारळाची मी वडी केली. शाल कपाटात आहे, वापरत नाही आणि टाकवतही नाही.

इथवरचं एक वेळ मूर्खपणा म्हणून सोडून देता येईल. पुढचं नाही.

नवा फोन घेतलास त्या दिवशी तू खोकं घेऊन माझ्याकडे आलास. दुसऱ्या हातात पेढे. वाक्यावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "बाई, आबा खरंच असं बोलले?" तुझे आबा कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत, हे अख्ख्या भाज्याला माहीत. तुझा चेहरा असा झाला होता की खरं सांगणं माझ्याच्यानं होईना. आणि खरं सांगितलं असतं तर माझी शाल गेली असती, तेही होतंच. मी म्हटलं, "बोलले की. माझ्यासमोर बोलले." मग मी एक पेढा घेतला आणि खाल्ला.

त्या वाक्यापायी तू सात वेळा धावलास. दुसरा कुणी दोनदा धावून थांबला असता आणि आबांच्या हातून तो फोन काढून तरी घेतला असता. तू काढून घेतला नाहीस, कारण खोक्यावर तुझं नाव होतं, नाव न घालता.

आबांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी बघायला आलेल्या तुमच्या आळीतल्या नंदाबाईंनी ते खोकं फळीवरून काढलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "ऐक, ऐक, तुज्याच बानं म्हनलंय. धावून येनारा मुलगा!" तू आबांकडे बघितलंस. ते औषधाच्या गुंगीत होते, त्यांची मान भिंतीकडे कलली, आणि तुला वाटलं त्यांनी तोंड फिरवलं. मी दाराशी चहाचा कप घेऊन उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, 'नंदाबाई, ते मी लिहिलंय.' मी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

बत्तीस वर्षं मी खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. तुलाही केलंय, दगडानं कौल फोडलंस आणि वाऱ्यानं पडलं म्हणालास तेव्हा. माझी मला लाज वाटते, सत्यम. क्षमा कर असं लिहिणार नाही, ते मागायलाही काही लायकी लागते. तुझ्या घरी हे अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

इंदिरा


कुसगाव
रविवार, १४ डिसेंबर २०२५

सत्यम,

तुझं पाकीट आलं. आत शिव्या असतील म्हणून दोन दिवस उघडलं नाही. उघडलं तर एकच ओळ: "मग आबा काय म्हणाले होते?"

खरं सांगते, मला आठवत नव्हतं. माझं वाक्य तोंडपाठ होतं, त्यांचं एकही नाही. त्या वहीसाठी मी सगळं घर उपसलं. तिसऱ्या दिवशी ती देवघराच्या खालच्या खणात, जुन्या हजेरीपटांखाली सापडली. पान सोबत पाठवते आहे. अक्षर माझं, शब्द आबांचे. पावसाचे थेंब पडून शाई फुटली आहे, म्हणून खाली पुन्हा उतरवते:

"ह्ये लाल बटन काढून टाका म्हनावं. चुकून दाबलं जातं आन् माझं पोरगं हातातलं काम टाकून पळत येतं. दोनदा आलं. काय न्हाई झालं म्हनलं तरी घटकाभर माझ्या तोंडाकडं बगत हुबं ऱ्हातं. हायवेला लय गाड्या. मला काय हुतंय? पर येताना त्याला काय झालं, तर मी कुनासाटी बटन दाबू?"

शेवटच्या ओळीखाली माझी लाल रेघ आहे. समासात मी लिहिलंय, 'नकारार्थी. बदलावे.'

हे वाचून मी देवघरासमोर खाली बसले ती बराच वेळ उठलेच नाही, आणि गुडघ्यामुळे नव्हे. गिऱ्हाइकांना काय सुधारावंसं वाटतं, असं विचारलं होतं कंपनीनं. भाज्यातल्या एका माणसानं नेमकं तेच सांगितलं होतं. ऐकलं असतं तर ते पडले तरी गावानं तुला बोल लावला नसता, आणि तू आज तळेगावात असतास.

वही घेऊन भाज्याला गेले. ओटीवर आबा, धोंडाबाई, आणि नंदाबाईंना मी मुद्दाम बोलावून घेतलं. सगळं सांगितलं, फॉर्मपासून पेढ्यापर्यंत. मग ते पान वाचून दाखवलं. नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. धोंडाबाई उठून आत गेल्या.

आबांनी विचारलं, "म्हंजी खोक्यावर माझ्या नावानं लिवलंय, त्ये तुमी?"

"हो."

"आन् सत्यमला वाटलं, मी टोमना मारला?"

"हो."

"तुमी मास्तरीन, बाई. तुमी लिवलं का आमी खरं धरतो. आमाला कुटं वाचता येतंय?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं. इतक्या वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न पिता उठले.

कंपनीला लेखी कळवलंय की एकतीस फॉर्म खोटे आहेत. श्रीयशचा फोन आला, "मावशी, एकतीस गिऱ्हाइकांनी मागितलं म्हणून आम्ही बटण मोठं केलं!" मी म्हटलं, "एकतीस नव्हती रे. एकच होती, आणि तिचा गुडघा दुखत होता." छापलेली खोकी संपेपर्यंत वाक्य तसंच राहणार म्हणे. पुढच्या फोनमध्ये बटण तीनदा दाबल्याशिवाय फोन जाणार नाही असं करता येतं का, ते विचारतो म्हणाला. शाल मी पोस्टानं परत केली.

आणखी काय लिहू? ते पान जपून ठेव.

इंदिरा


भाजे
रविवार, २१ डिसेंबर २०२५

सत्यम,

आज लीलाबाईंचा निरोप आला, आबांनी बोलावलंय, कागद-पेन घेऊन या. गेले. म्हणाले, "पोराला पत्र लिवायचंय. मला दुसरं कोन हाय लिवायला? पर मी बोलंन त्येच लिवायचं. आन् दर वळीला वाचून दावायचं."

तसंच केलं आहे. प्रत्येक ओळ वाचून दाखवली. दोनदा त्यांनी मला अडवलं आणि एकदा धोंडाबाईंनी. चहा पत्र पुरं झाल्यावरच मिळेल, असं त्यांनी आधीच बजावलंय.

खालचं सगळं खरं आहे, की त्यातलं काही तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून आहे, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. काही सुधारलंही नाही.

इंदिराबाई


सत्यम, मी रखमाजी बोलतोय.

पाय बरा हाय. भात बरं झालंय. इंद्रायनी कांडून आनली, घरभर वास सुटलाय. तुज्या आईनं त्यातली दोन पायली बाजूला ठिवलीय, तुजी म्हनून कुनाला हात लावू देत न्हाई.

त्या दिशी मी बटन दाबलं न्हाई. पडलो तवा त्ये आपसूक दाबलं गेलं. भोंगा वाजला तसं मी म्हनलं, झालं, आता ह्ये पोरगं ह्या पावसात गाडी काढतंय. मी चिखलात हात घालून त्ये बंद कराया बगत हुतो. मग त्ये गप झालं. मला बरं वाटलं. तू कापलंस त्ये बेस केलंस.

गावाला काय बोलायचं त्ये बोलू दे. नंदा काल हितं येऊन रडून गेली.

त्यो फोन फळीवर हाय. बटनावर तुज्या आईनं साबनाच्या डबीचं झाकन बांदलंय सुतळीनं. आता वाकलं तरी दाबलं जात न्हाई. कंपनीला काय करायचं त्ये करू दे, आमी सुदारला.

मी तुला कंदी चांगला म्हनलो न्हाई. बाईनी माझ्या नावानं लिवलं, त्ये खोटं हुतं. आता माझं मी म्हनतो. तू चांगला हायेस. बाई, लिवलं का? वाचून दावा. व्हय, आसंच.

घरी ये. पर पळत येऊ नगं. रजा मिळंल तवा, सावकास ये.